एक बादली पाणी

विनिपेगची माती चिकट.
ओली झाली की फुगते, भिंतीला खांदा लावते,
उन्हाळ्यात आक्रसते
आणि हात जाईल एवढी फट सोडते.
एप्रिलात बर्फ वितळतं
ते नेमकं त्या फटीतून खाली.
हे मी ओल्हा स्तेफिउकबाईंना समजावत होतो
आणि त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या.

जिना उतरायच्या आधीच वास आला.
पूर्वेची भिंत गुडघ्याएवढी काळी,
त्यावर लोणा फुटलेला,
बोट लावलं की मिठासारखा झडणारा.
फळीवर बिटाच्या लोणच्याच्या बरण्या, झाकणांना गंज.
कोपऱ्यात खड्डा, खड्ड्यात पंप.
आम्ही उभे होतो तेवढ्यात तो दोनदा घरघरला.

"पेत्रो दरवर्षी रंग द्यायचा," त्या म्हणाल्या.
मी पत्तीने खरवडलं.
पिस्ता, त्याखाली आकाशी, त्याखाली दुधी,
त्याखाली पुन्हा पिस्ता.
ओल्या भिंतीला आतून रंग देणं म्हणजे
खोकणाऱ्याच्या तोंडावर रुमाल दाबणं,
हे वाक्य मी सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवतो.
तिथे नाही ऐकवलं.

बाहेरून खणायचं ठरलं.
शेपूचा वाफा त्यांनीच मोकळा केला,
एकेक रोप मुळाशी धरून, बादलीत.
उपटलेला शेपू पुन्हा धरत नाही
हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

आठ फूट खाली, पायाच्या काठाशी
जुनी नळी लागली, भाजल्या मातीची,
एल्मच्या मुळांनी गळ्यापर्यंत भरलेली.
आमच्या धंद्यात हिला रडकी नळी म्हणतात.
भिंतीच्या वाट्याचं पाणी
आपण रडून घ्यायचं, एवढंच तिचं काम.
लुसियांने तुकडा हातात फिरवला.
"किती वर्षं हिला रडता आलं नसेल," म्हणाला,
आणि लगेच, "चल, पाइप दे."

भिंत घासली. भेग भरली.
डांबराचे दोन हात, त्यावर गाठाळ प्लास्टिकची चादर,
तळाशी नवी भोकांची नळी, वर खडी,
मग तीच माती, पण घराकडे पाठ करून उतरती.
पन्हळीचं पाणी सहा फूट लांब नेऊन सोडलं.
आधी पाण्याला वाट, मग भिंतीला पदर.
बाईंनी चेक लिहिला, वर अर्धा डझन अंडी.

ऑक्टोबरात फोन. रात्रीचे पावणेबारा.
बाहेर धो धो.
"पंप बिघडला."

गेलो. बॅटरी मारली.
भिंत हाडासारखी कोरडी.
खड्ड्यात तळाला एक मेलेला किडा, पाठीवर.
"बिघडला नाही," मी म्हटलं, "त्याला काम उरलं नाही."

त्या पायरीवर बसल्या, गाऊनवर नवऱ्याचं जाकीट.
"पेत्रो रात्री तीनदा उठायचा. म्हातारपण.
तो गेला, मग हा उठायचा.
नऊ वर्षं.
कोणीतरी उठलंय एवढं ऐकू आलं
की मी कूस बदलायचे."

पाणी कुठे मुरतंय ते शोधण्यावर माझं पोट.
तिथे मुरत असेल
असं काही डोक्यात आलं नव्हतं.

नळाखाली बादली भरली, खड्ड्यात ओतली.
तरंगता गोळा डुचमळत वर आला,
पंपाने घसा साफ केला,
घरघरला, थांबला.
आम्ही दोघं ऐकत होतो.
"बादली इथेच ठेवा," त्या म्हणाल्या.

डिसेंबरात त्या रस्त्याने जाणं झालं.
उणे अठरा. आठवडाभर आभाळ कोरडं.
पंपाच्या नळीच्या तोंडाशी मात्र
बशीएवढं ताजं, निळसर बर्फ.
गाडी थांबवून उतरलो, पावलांनी मोजलं.
भिंतीपासून सहा फूट.
चालेल.