पान सात

वनखात्याच्या बाई म्हणाल्या, आग जरा गोंडस करा,
मुलांना भीती नको.
मी केली. दोन डोळे, एक दात, शेपटीला ज्वाळा.
नारिंगीची अख्खी ट्यूब संपली.

कच्ची प्रत घेऊन पालांगका रायाहून होडीनं निघाले,
काहायान नदीकाठच्या, खांबांवरल्या शाळेत.
एकवीस पोरं. पानं हातोहात फिरली.
चष्मा घातलेल्या ओरांगउटानला हशा पडला.
सातव्या पानाशी कामेलोह थांबली.
बोट ठेवलं, पान उलटं धरलं,
मग मागूनही पाहिलं.
"आग कुठंय?"

ही काय, म्हटलं. हे डोळे, हा दात.
"ही झाडावर आहे," ती म्हणाली.
"आमची तर खाली असते."

मग सगळीच बोलू लागली.
कुणाच्या काकाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता
साध्या, हिरव्या गवतात.
कुणी म्हणालं, पाऊस पडून गेल्यावरही आठ दिवस
जमीन आतल्या आत खोकत होती.
येरसननं न विचारता माझ्या डब्यातला पिवळा उचलला,
माझ्या निळ्या आभाळावरून फिरवला,
नदीवरून, शाळेवरून, मास्तरांच्या तोंडावरून.
"तेव्हा असं होतं. दुपारी दिवे लावायचो."

भांडणात आई म्हणायची,
आधी पायाखाली काय जळतंय ते बघ.
मला वाटायचं, म्हण आहे.

रात्री पान फाडलं नाही. पालथं केलं.
वर बोटभर गवत, एक बगळा,
काहीच न झाल्यासारखा.
बाकी सगळं तपकिरी:
हजारो वर्षांचा पाला, न कुजता
एकमेकांच्या अंगावर निजलेला,
पाण्याखाली गार,
जोवर पाणी होतं.
लाल रंग वापरलाच नाही.
मुळांच्या कडेनं एक काळी वाट नेली,
वाळवीची असते तशी,
कसलीच घाई नसलेली.

मग चौकटी.
दोन चौकटींमध्ये पांढरी पट्टी सोडायची,
पहिल्याच वर्षी शिकवतात,
वाचणाऱ्याची नजर तिच्यातून वाहते.
पट्टीनं आखलेल्या त्या सरळ रेघांकडे
मी बघत बसले.
असेच आखले होते कालवे,
कालिमंतानच्या नकाशावर, भाताच्या नावानं.
भात आला नाही. पाणी तेवढं गेलं.
माझ्या पानातूनही तेच चाललं होतं.

म्हणून पट्ट्यांत फळ्या काढल्या, आडव्या,
कामेलोहचा बाप ठोकतो तशा,
मधे मातीची पोती.
बाई फोनवर म्हणाल्या, नजर अडेल हो,
मुलं अडखळतील.
म्हटलं, अडखळू देत.
तिसऱ्या चौकटीत पाणी चढतंय,
बगळा एक पाय वर घेतो.

आणि ती गोंडस आग? तिचे पैसे दिलेत आम्ही.
ठेवली तीही. मुखपृष्ठाच्या आत, कोपऱ्यात,
मुलानं आपलं नाव लिहायचं असतं तिथं.
पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला मिशा काढील.

ऑगस्ट लागलाय.
शाळेतून निरोप आला, विहिरीचं पाणी
हातभर खाली.
पुस्तक अजून छापखान्यात आहे.