काचेची आतली बाजू

अँटवर्पच्या बाहेर, बोमकडे जाणाऱ्या रस्त्यावर
सकाळी सातला मी दिवे लावते.
आठ गाड्या जाग्या होतात. त्यातली एक
गेंटच्या मोहरीसारखी पिवळी.
किंमत कुणाच्याच अंगावर लिहिलेली नाही.
"ज्याला विचारावी लागते, त्याच्यासाठी ती नाहीच,"
असं योरिस म्हणतो,
आणि स्वतः बत्तीस नंबरच्या बसने येतो.

माझं काम काच.
बारा मीटर लांब, माझ्या दुप्पट उंच.
आतून ती कोरीच असते.
आतली माणसं कशाला हात लावतील काचेला?
बाहेरून मात्र शनिवारच्या पोरांचे पंजे, नाकांचे ठसे,
आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर, पिवळीच्या अगदी समोर,
रोज एक डाग. वाफ उडून जाते,
मागे एक तेलकट चंद्र राहतो.

तो ओडिलोनचा.
एकतीस वर्षं ट्रॅम चालवली त्याने.
एकदाच आत आला होता, टोपी हातात घेऊन.
योरिसची नजर आधी बुटांवर गेली,
मग मनगटावर;
चेहऱ्यापर्यंत यायचं राहूनच गेलं.
"अपॉइंटमेंट?"
"नाही हो. इंजिन कधी चालू करता, तेवढं सांगा.
ऐकायला येईन."
माहितीपुस्तक मागितलं, तर म्हणे संपलीत.
त्याच सकाळी मी कपाटातल्या चाळीस प्रतींवरची
धूळ झटकली होती.
मी काही बोलले नाही.
हेही लिहून ठेवायला हवं.

डॉक्टर व्हरहूल्स्ट येतात तेव्हा
दार आपोआप उघडल्यासारखं वाटतं. ते योरिस उघडतो.
कॉफी, बशीत एक चॉकलेट,
मुलीच्या घोड्याची नावानिशी चौकशी.
मेखेलनमध्ये दातांचा दवाखाना.
तीन गाड्या घेतल्यात त्यांनी इथून,
त्यातल्या दोन नको असताना.
एकीत तर त्यांच्या बायकोला वाकून बसताच येत नाही.
पण चौथीसाठी, त्या मोजक्याच निघणाऱ्या चौथीसाठी,
यादीत नाव लागायचं
तर आधी पात्र ठरावं लागतं.
पैसे असून भागत नाही इथे,
पैसे किती हसतमुखाने दिले, तेही बघतात.
नाताळला योरिसच्या साहेबांना वाइनची पेटी,
वाढदिवसाला फोन.
इतरांच्या तोंडात हात घालणारा माणूस,
इथे मात्र ओठ मिटून बसायचा.

नोव्हेंबरात पत्र दिलं त्यांच्या हातात.
जाड कागद, उठावाची मुद्रा.
आपल्या निष्ठेचा आम्हाला आदर वाटतो.
या खेपेला मात्र.
योरिसने दुसरी कॉफी विचारली नाही.
मी कोपऱ्यात बादली पिळत होते.
डॉक्टर उठले, काचेपाशी गेले,
आणि कपाळ टेकवून उभे राहिले, बराच वेळ,
शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

ते गेल्यावर बघितलं तर
काचेला आतून पहिलाच डाग.
बाहेरच्या डागाशी तो जुळत नव्हता.
मध्ये वीतभर अंतर, आणि हा जरा वर.
डॉक्टर उंच आहेत.

पिवळी गेली डिसेंबरात,
आणि तिचा मालक काही आला नाही.
एक बंद ट्रक आला, कागदांवर सह्या झाल्या.
ट्रकमध्ये चढवायला ती चालू केली, चार मिनिटं.
ओडिलोन तेव्हा दवाखान्यात, खुबा बदलायला.
भेटायला गेले तर पहिला प्रश्न तोच: कशी वाजली?
मला आवाजातलं काय कळतं!
म्हटलं, जिन्यावरून कपाट निसटावं तशी,
पण निसटतच राहावं, आदळूच नये.
त्याने डोळे मिटून घेतले.
"थंड होती," म्हणाला. "गरम झाल्यावर बदलतं ते."
मग बराच वेळ मला समजावत राहिला.
त्यातलं अर्धं मी विसरले.

आतला डाग त्याच संध्याकाळी पुसला होता.
बाहेरचा अजून आहे.
योरिस विचारतो, तेव्हा सांगते,
बाहेर फार थंडी आहे रे,
पाणी गोठतं.