खोली क्रमांक नऊ, तळघर

नेब्रास्कातला फेब्रुवारी.
मक्याच्या धसकटांतून वारा
शिट्ट्या घालत हिंडतो, त्याला अडवायला टेकडीसुद्धा नाही.
विद्यापीठाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी,
किरगीझ शिकणारी चार मुलं
आणि पाचवी मी, वॉशिंग्टनहून आलेली,
गळ्यात ओळखपत्र,
मांडीवर सव्वीस पानी तक्ता.

सरकारचा पैसा, सात वर्षं.
दरडोई खर्च किती,
दुसरी पातळी कितीजणांनी गाठली,
देशाला या भाषेची गरज होती का,
होती तर पुरावा जोडा.

बुरुलसूनबाईंनी चहा ओतला, अर्धाच कप.
पूर्ण भरला तर पाहुण्याला लवकर घालवायचंय असा अर्थ होतो, म्हणाल्या.
मी विचारलं, पातळी कशी ठरवता?
पहिल्या वर्षाचा कुलून,
दुसऱ्याचा ताय, मग कुनान.
आमच्यात घोड्याचं नाव वयाबरोबर बदलतं.
आणि कोपऱ्यातल्या मुलीकडे बघून
त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या.
मुलं खो खो हसली, ती मुलगीसुद्धा.
मग मला इंग्रजीत सांगितलं:
हे अजून दूधपितं शिंगरू आहे,
पण लाथ चांगली मारतं.
मी लिहिलं: श्रवणकौशल्य समाधानकारक.
कुलूनशी समकक्ष श्रेणी
परिशिष्टात सापडली नाही.

दुपारी माजी विद्यार्थ्यांना फोन.
अकरांतल्या तिघांनी उचलला.
एक सैन्यात. कुठे ते सांगता येत नाही म्हणाला,
त्याच्यापुढे मी बरोबरची खूण केली, ठळक.
एकीचं बाळ रडत होतं, नंतर करते म्हणाली.
तिसरा कोल्टन हाव्लिचेक:
तीन वर्षं शिष्यवृत्ती, एक उन्हाळा बिश्केकला,
आता केअर्नीच्या रस्त्याला टायरचं दुकान.

कामात भाषेचा उपयोग होतो?
नाही मॅडम.
आठवड्याला साधारण किती तास?
मागे हवेचा पंप फुसफुसत होता.
मग म्हणाला,
नट आवळताना मोजतो.
बिर, एकी, उच, तोर्त, बेश.
इंग्रजीत मोजलं की
लक्ष उडतं, एखादा ढिला राहतो.

रकाना होता: उपयोग, होय किंवा नाही.
पेन बराच वेळ हवेत.

चौतीस वर्षांपूर्वी याच खात्याच्या पैशावर
मी पश्तो शिकले होते.
तेव्हाही कुणीतरी बसलं असेल मागच्या बाकावर
माझ्या उच्चारांना गुण देत.
आज एवढंच वाक्य उरलंय:
दार लावून घे, थंडी येतेय आत.
नवऱ्याला म्हणायचे. तो उठून लावायचा.
त्याला भाषा येत नव्हती, ते वाक्य येत होतं.
तो गेला त्याला चार हिवाळे झाले.
आता म्हणते आणि मीच उठते.
हे कुठल्या आर्थिक वर्षात दाखवायचं?

मापात पाप नको, एवढं मी नोकरीभर पाळलं.
पण पायली घेऊन यावं
आणि समोर कुणी खिंकाळणं ओतावं,
तर बाई, मोजणार कशी?

रात्री मोटेलात अहवाल संपवला.
आकडे वाईट होते, ते वाईटच लिहिले.
किरगीझ: निधी निम्मा करावा, दोन वर्षांनी फेरतपासणी.
तळटीपेला ऐंशी शब्दांची मुभा होती.
अकरा वापरले:
एक माजी विद्यार्थी चाकांचे नट किरगीझमध्ये मोजतो.
एकही सुटत नाही.

सकाळी ओमाहाच्या विमानतळाकडे निघाले.
रस्त्यावर काचेसारखा बर्फ,
भाड्याची गाडी, ताशी सत्तर मैल,
आणि माझ्याखाली चार चाकं,
प्रत्येकाला पाच नट.
कुणी आवळले, काय पुटपुटत आवळले,
कागदपत्रांत कुठेच नव्हतं.