टेपचं दुसरं टोक

बँकेचं व्हॅल्युएशन हिरेमठ साहेब करतात.
मी टेपचं दुसरं टोक धरतो,
कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून.
ते लांबून विचारतात, ‘एष्टु?’
मी मराठीतच आकडा सांगतो.
आकड्यांवरून आमचं कधी भांडण झालेलं नाही.

आज वडगाव. विणकरांची गल्ली.
घर इराप्पा कामकरांचं.
लेकाला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, म्हणून हे तारण.
रस्ता वीस फूट, म्हणाले.
मोजला, तर सोळा,
आणि तोही गटार धरून.

येळ्ळूर रोड जवळ, ते बरं.
दार दक्षिणेला, ते वाईट.
‘बँक वास्तू मानत नाही,’ साहेब म्हणाले,
‘पण गिऱ्हाईक मानतं की.’
उताऱ्यावर कानडीत आजोबांचं नाव,
एका वेलांटीनं चुकलेलं.
बांधकाम एकोणचाळीस वर्षांचं. घसारा.

‘नाल्याचं पाणी आत येतं काय?’
अक्कांनी नवऱ्याकडे बघितलं.
‘नाही. उंबऱ्यापर्यंतसुद्धा नाही.’
माझ्या गुडघ्यामागं भिंतीवर
मातकट, वाकडी रेघ होती.
मी टेप धरून तिथंच उभा राहिलो,
मोजून झाल्यावरही.
का, ते मला विचारू नका.

पुढच्या खोलीत फरशीला सोळा भोकं,
सिमेंटनं बुजवलेली.
चार माग होते. दोन वर्षांखाली
किलोवर गेले.

‘आवाज?’ साहेबांनी फॉर्म उलटला.
‘आता कुठला? गल्लीतले सगळेच बंद.’
साहेबांनी लिहिलं: परिसर शांत.
‘त्याचे वाढतात काय?’
‘वाढतात की. चौरस फुटाला साठ तरी.’

इराप्पांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला,
साड्या मोजायची सवय.
अकराशे फूट. सहासष्ट हजार.
‘एवढे भंगारवाल्यानं दिले नव्हते,’
म्हणाले, आणि हसले,
मग चष्मा पुसत बसले बराच वेळ.

मी टोक सोडलं.
टेप सर्रकन गेली, डबीत आपटली: खट्ट.
आतून अक्का बाहेर आल्या,
हातात चहाची किटली तशीच,
आणि त्या खोलीकडे बघत राहिल्या,
जिथं काहीच नव्हतं.

चहाला थांबलो नाही.
शहापुरात अजून दोन घरं होती.
गाडीवर साहेब म्हणाले,
‘त्या भिंतीजवळ उगाच उभा होतास काय रे?’
मी म्हटलं, ‘टेप सरकत होती, सर.’
ते काही बोलले नाहीत.
पाण्याचा रकाना त्यांनीही
कोराच ठेवला होता.