पंखा फिरतोय

दर बुधवारी पाच वाजता
मी मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून ठेवते
सोप्यावरच्या उत्तरेकडच्या खिडकीत,
कारण मालारात आमच्या घराला रेंज तेवढ्याच कोपऱ्यात आहे.
बरणी नसली तर तुम्हाला माझं नुसतं कपाळ दिसतं.

फोंड्याहून दिवाडीला यायला तास पुरे,
तरी आपण कधी भेटलो नाही.
एकदा बोलून गेलात, "या ना इकडे,"
आणि लगेच, "सावकाश. घाई नाही."
मधे मांडवी आहे
आणि चौदा महिन्यांत मी फेरीबोटीत पाय ठेवलेला नाही.

मडकईकर मॅडम,
सत्तावीस वर्षं हेच काम करते, असं पहिल्या दिवशी म्हणालात,
ओहोळ ओलांडणाऱ्याला पाण्याची खोली सांगावी तसं.
त्यात बढाई नव्हती,
कुठवर पाय टेकतील एवढंच.

मला वाटलं होतं, उपाय सांगाल.
तुम्ही विचारलंत, चहा झाला का.
मग मी दोन महिने पंपाबद्दल बोलले:
विहिरीवरचा पंप हवा धरतो,
मेकॅनिक येतो म्हणतो आणि येत नाही,
नारळ उतरवायला माणूस मिळत नाही.
तुम्ही वहीत एकच शब्द लिहिलात.
मला उलटा दिसला, वाचता आला नाही.

तुम्ही फार वेळ गप्प बसता.
सुरुवातीला मी "हॅलो, हॅलो" करायची.
मग लक्षात आलं, तुमच्या मागे छताला पंखा आहे.
पंखा फिरतोय, म्हणजे तुम्ही ऐकताय.
पंखा थांबलाय, म्हणजे नेटवर्क गेलं.

"धक्क्यापर्यंत जा. चढू नका.
किती स्कूटर चढल्या, एवढंच मोजा."
तेवीस.
शिवाय एक मासळीची पाटी
आणि एक कुत्रा, जो रायबंदरला जातो आणि पुढच्या खेपेला परत येतो,
त्याला कोणी काही विचारत नाही.
तुम्ही हसलात.
त्या हसण्यावर माझे तीन दिवस निघाले.

पुढच्या बुधवारी सांगितलं, "गेले होते, एकोणीस."
पंखा फिरत राहिला.
"गेला नसलात तरी चालतं हं," तुम्ही म्हणालात,
आणि मी ओशाळून बरणीचं झाकण घट्ट केलं.
ते घट्टच होतं.

आणि कालचा बुधवार.
पोदेर भोंगा वाजवत सायकलवरून गेला,
तुमचा हात चष्म्यापाशी गोठला,
पंखा थांबला, तीन पाती स्पष्ट दिसली.
मी थांबायला हवं होतं.
पण त्या थांबलेल्या चेहऱ्याला मी म्हटलं:

त्या दिवशी फोन पर्समध्ये नव्हता.
सगळ्यांना सांगितलं की पर्समध्ये होता, आवाज बंद होता.
फोन हातात होता.
बोट नदीच्या मध्यावर होती.
बाबांचं नाव दिसलं, सकाळपासून चौथ्यांदा,
आणि वाटलं, पुन्हा पंपच असेल.
रायबंदरच्या धक्क्यावर फळका खाली पडला
तेव्हा शेजारच्या सुकूरचा फोन आला.
तो उचलला.

पाती हलली. तुमचा हात चष्म्यावर पोचला.
"आवाज गेला होता," तुम्ही म्हणालात.
"पोदेरनंतरचं काहीच ऐकू आलं नाही. परत सांगता?"

नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं.
तुम्ही तेही म्हणाला असतात.
बरणीतल्या साखरेत एक मुंगी होती,
ती वर येईपर्यंत मी बघत बसले.

मग सांगितलं.
या खेपेला वाक्यात "मी" आधी आला:
मी नाव पाहिलं.
मी उचलला नाही.
आवाज तितका कापला नाही,
की कापला, आणि मीच ऐकला नाही.

त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत.
मी तुमच्या मागे वर पाहिलं.
फिरत होता.