तिसरी ट्यूब

आधी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, मग कंगवा,
मग बोटीवरचे दोघे निघेपर्यंत
वजनकाट्यावर उगाच उभी राहिली ग्रॉन्या.
गमबुटांना मॅकरेलचा वास.
"तेच क्रीम."

मी काउंटरला वळसा घालून तिच्याकडे गेले.
दिवस गेलेत? ताप? ओटीपोटात कळा?
मान हलत राहिली, नाही, नाही.
"नुसती खाज. फाटलेल्या दुधासारखं जातं."
आणि मागची ट्यूब?
"दोन रात्रींत बरं वाटलं. अर्धी उरलीय."

किलीबेग्जच्या धक्क्यावर भोंगा झाला.
मी बोटांवर महिने मोजले:
मार्चपासून हे तिसऱ्यांदा.
खोकं परत फळीवर ठेवलं,
पावतीमागे डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहिला.
आधी तेच आहे का बघू दे,
रक्तातली साखरही.

दारातून परत आली.
कंगव्याचे पैसे द्यायचे राहिले होते.