दहा मिनिटं

द डॅल्सच्या धरणात, माशांच्या जिन्याला
एक खिडकी आहे, पोस्टातल्या खिडकीएवढी.
आर्लीन तिथे बसते. समोर हिरवट पाणी,
बोटांखाली बटणं.

चिनूक, टक्. स्टीलहेड, टक् टक्.
कुणी दमून मागे वळला, तर एक वजा.
वजा करताना ती जरा रेंगाळते.

भिंतीपलीकडे टर्बाईन घुमतंय,
कॉफीवर त्याची बारीक वर्तुळं.

लॅम्प्रे काचेला तोंड लावून थांबतो,
जसं कुणी दार वाजवायचं सोडून
दारालाच टेकून झोपावं.
त्याला ती हाकलत नाही.

तासातली पन्नास मिनिटं मोजायची.
दहा मिनिटं डोळ्यांना सुट्टी.
त्या दहांत गेलेले
नंतर अंदाजाने धरतात.

काल सुट्टीत ती उठलीच नाही.
एक मादी आली,
पाठीवर सीलच्या दातांचा जुना वण,
एक पर फाटलेला.
उडी नाही, रुबाब नाही.
पाणी येतं त्या दिशेला तोंड, बस्स.

आर्लीनचं बोट उचललं गेलं,
तसंच अधांतरी राहिलं.

‘जा बाई,’ ती काचेला म्हणाली,
‘तुला कुणी पाहिलं नाही.’

आणि अकरा वाजले.